फ्रीझरमध्ये होतं ना, मग काय होतंय?

गौरी-गणपतीचं विसर्जन होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच एका बाईंना घेऊन त्यांचा मुलगा आला. वय पन्नाशीच्या पुढे. रात्रभर उलट्या, मग जुलाब. नाडी वेगात, रक्तदाब खाली, जीभ कोरडीठाक. त्यातून रक्तदाबाच्या गोळ्या चालू आणि त्यातली एक लघवी वाढवणारी. आदल्या रात्रीपासून लघवी झालेली नव्हती. म्हणजे प्रकरण नुसत्या ‘पोट बिघडलं’वर राहिलं नव्हतं, मूत्रपिंडांपर्यंत जाऊ पाहत होतं. सलाईन लावलं आणि मग विचारलं, “काकू, काय खाल्लं होतं?”

“कोळंबीचं कालवण.”

“घरात आणखी कुणाला त्रास?”

“नाही. बाकीच्यांना दिलंच नाही. कोळंबी जरा लिबलिबीत वाटली मला. पण टाकवेना हो. मग मीच खाल्लं.”

आणि पुढचं वाक्य, जे गेल्या काही वर्षांत मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याची पाटी करून दवाखान्यात लावावी: “फ्रीझरमध्ये होतं ना डॉक्टर, मग काय होतंय?”

हळूहळू बाकीची हकिगत बाहेर आली. आषाढात, श्रावण लागायच्या आधी, घेऊन साफ करून ठेवलेली कोळंबी. घरात नवा उभा फ्रीझर, कपाटाएवढा, पण निम्मा रिकामा. मंडळी गणपतीला गावी गेलेली. मागे सोसायटीची केबल जळाली आणि जवळजवळ दोन दिवस वीज नव्हती, हे शेजाऱ्यांनी सांगितलेलं. पण घरी येऊन पाहतात तर दारावर उणे १८ चा आकडा झळकतोय, आत सगळं दगडासारखं कडक. मग काळजी कशाची? सुनेला तेवढं आठवलं की पिशवीतले सुटे मटार विटेसारखे एक झाले होते.

त्या मटारांनी सगळं सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही.

कोळंबीनेच हे झालं असं मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. तपासायला कालवण उरलं नव्हतं. पण खाल्ल्यावर तीन-चार तासांत उलट्या सुरू होणं आणि घरात फक्त खाणारीच आजारी पडणं, एवढ्यावरून संशय कुणावर घ्यायचा हे तुम्हीही सांगाल. काकू चौथ्या दिवशी घरी गेल्या. बरं झालं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून आज त्या वाक्याशी भांडायचं आहे.

फ्रीझर मारत नाही, थांबवतो

आपल्या मनात फ्रीझरची प्रतिमा काय असते? आत गेलं ते सुरक्षित झालं. जणू बँकेचा लॉकर. प्रत्यक्षात फ्रीझर म्हणजे घड्याळ थांबवणारं यंत्र. उणे १८ अंश सेल्सियसला जंतूंची वाढ थांबते. हा आकडा म्हणजे फॅरनहाइटमधलं शून्य. गोठवलेल्या अन्नासाठी सगळीकडे हीच पातळी मानतात. पण वाढ थांबणं म्हणजे मरणं नव्हे. साल्मोनेला, लिस्टेरिया, स्टॅफिलोकोकस हे सगळे बर्फात गप्प पडून राहतात. मासे-मटणातले काही परजीवी पुरेशा थंडीत, पुरेसे दिवस ठेवले तर मरतात हे खरं. जिवाणूंचं तसं नाही. तुम्ही अन्न आत ठेवलंत तेव्हा घड्याळात जितके वाजले होते तितकेच बाहेर काढताना वाजलेले असतात. आणि मधे दोन दिवस वीज गेली असेल, तर घड्याळ मधे चालूनही गेलेलं असतं.

यावर हुकमी उत्तर येतं: “पण उकळल्यावर सगळं मरतंच की!” जंतू मरतात. त्यांनी आधीच करून ठेवलेलं विष मरत नाही. स्टॅफिलोकोकस हा आपल्या हातांवर, नाकात राहणारा जंतू. कोळंबी साफ करताना तो हातांवरून तिच्यावर जातो, ऊब मिळाली की वाढतो आणि विष सोडतो. हे विष उकळूनही टिकतं. फोडणीच्या भातात वाढणाऱ्या बॅसिलस सिरियसचं उलट्या करवणारं विषही तसंच चिवट. बांगड्याची आणखी वेगळी गोष्ट. तो उन्हात किंवा उबेत पडून राहिला तर त्यात हिस्टामाइन तयार होतं. मग तो गोठवा, तळा, कालवण करा, ते जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते आणि लोक म्हणतात, “मला बांगड्याची ॲलर्जी आहे.” बऱ्याचदा ॲलर्जी बांगड्याची नसते, निष्काळजीपणाची असते.

वास, रंग, चव यांवरही विसंबू नका. अन्न नासवणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बरेचसे वेगळे. दुसऱ्या प्रकारच्यांना वास येईलच असं नाही.

आजीची बेगमी आणि आपली बेगमी

कुणी म्हणेल, साठवण काय आपल्याला नवीन आहे? मुळीच नाही. उन्हाळ्यात गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे, सुके बोंबील. बरणीत लोणचं, आमसुलं. पण ती बेगमी कशाच्या जोरावर टिकायची ते बघा. वाळवणात पाणी नसतं, म्हणून जंतू वाढत नाहीत. लोणच्यात मीठ आणि आंबटपणा असतो, म्हणून वाढत नाहीत. राखण अन्नातच भरलेली. गावात आठवडाभर दिवे गेले तरी कुरडई बिघडत नव्हती.

फ्रीझरमधल्या अन्नात तसं काही नाही. ते ओलं, ताजं, जंतूंना हवं तसंच आहे. त्याची राखण करते ती फक्त थंडी, आणि ती येते भिंतीतल्या वायरीतून. बरणीची बेगमी एकदा झाकण लावलं की संपायची. फ्रीझरची बेगमी रोज सांभाळावी लागते. हा फरक न समजता आपण आजीचा निर्धास्तपणा उचलला आणि तिची शिस्त गच्चीवर ठेवून आलो.

दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत. त्यांचे संदेश रोज सकाळी फिरत असतात: फ्रोझन अन्न मृत असतं, त्यात सत्त्व उरत नाही. हेही खरं नाही. जानेवारीत स्वस्त असताना मटार आणा, सोला, उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, कोरडे करून गोठवा. त्यांतली बरीचशी जीवनसत्त्वं नीट टिकतात. बाजारातून आणून चार दिवस फ्रिजमध्ये सुकवलेल्या भाजीपेक्षा ते नक्कीच बरे. नोकरी करणाऱ्या घरात, म्हातारा-म्हातारी दोघंच असलेल्या घरात, बाळंतिणीच्या घरात फ्रीझर हा मोठा आधार आहे. माझं भांडण फ्रीझरशी नाही. त्याच्याकडे न बघण्याशी आहे.

तापमापक नसेल तर फ्रीझर घेऊ नका

हे मी ठासून सांगतो. अंगाला हात लावून “ताप नाही” म्हणणाऱ्या डॉक्टरवर तुमचा विश्वास बसेल का? मग बर्फ कडक लागला म्हणून फ्रीझर ठीक आहे असं कसं म्हणता? उणे ५ लाही अन्न कडकच लागतं. दारावरच्या आकड्यावर जाऊ नका. अनेक यंत्रांवर तो आकडा तुम्ही मागितलेल्या तापमानाचा असतो, मिळालेल्या नव्हे. काही शे रुपयांत फ्रीझरचा तापमापक मिळतो. कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान लक्षात ठेवणारा मिळाला तर उत्तम. तुम्ही गावी असताना आत काय झालं याची साक्ष तो देतो.

तोही नको असेल तर वाटीभर पाणी गोठवा, त्या बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी वरच्या कप्प्यात ठेवून द्या. परत आल्यावर रुपया वरच असेल तर आतला बर्फ वितळला नव्हता. रुपया तळाशी असेल, तर सगळं वितळून पुन्हा गोठलंय. किती वेळ वितळलेलं होतं ते रुपया सांगत नाही. म्हणून मासे, मटण, चिकन, दुधाचे पदार्थ, शिजवलेलं अन्न, सगळं टाका.

वीज गेली तर पहिला नियम एकच: दार उघडू नका. भरलेला फ्रीझर दार बंद ठेवलं तर साधारण ४८ तास तग धरतो, निम्मा भरलेला साधारण २४ तास. काकूंचा फ्रीझर निम्मा होता, वीज दोन दिवस नव्हती. हिशेब तुम्हीच करा. उभ्या फ्रीझरमध्ये तर ही शिस्त जास्तच हवी. गार हवा जड असते. आडव्या, वरून उघडणाऱ्या पेटीत ती तळाशी बसून राहते. उभ्याचं दार उघडलं की ती सरळ तुमच्या पायांवर पडते. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, मात्र बाटल्या काठोकाठ भरू नका. तोच तुमचा इन्व्हर्टर.

वीज आल्यावर निवाडा असा करा. अन्नात अजून बर्फाचे कण आहेत किंवा ते फ्रिजइतकं, म्हणजे ४ अंशांपर्यंत गार आहे, तर पुन्हा गोठवलं तरी चालेल. चव थोडी उतरेल इतकंच. ४ अंशांच्या वर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं असेल तर बाहेर. चाखून बघायचं नाही.

घेताना आणि ठेवताना

दुकानात लोक लिटर विचारतात, रंग विचारतात, हप्ता विचारतात. हे विचारत नाहीत: हे यंत्र किती गरम खोलीत नीट चालतं? यंत्राच्या माहितीपट्टीवर त्याचा हवामान-वर्ग लिहिलेला असतो. ‘एन’ म्हणजे खोली ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ म्हणजे ३८ पर्यंत, ‘टी’ म्हणजे ४३ पर्यंत. आता मे महिन्यातला विदर्भ डोळ्यांसमोर आणा आणि तो फ्रीझर पश्चिमेच्या बंद गॅलरीत ठेवलेला आहे अशी कल्पना करा. ‘टी’ वर्गाचं यंत्रही तिथे हात टेकेल. फ्रीझर घरातल्या सावलीच्या, वारा खेळणाऱ्या जागी ठेवा. गॅस आणि ऊन दोन्हींपासून लांब.

ताऱ्यांचाही घोळ असतो. वीज वाचवण्याचे तारे वेगळे. थंडीचे तारे वेगळे: एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. चार तारे म्हणजे उणे १८ आणि शिवाय ताजं अन्न गोठवण्याची ताकद. विजेचे पाच तारे पाहून थंडीबद्दल निश्चिंत होऊ नका.

फ्रीझर कुरकुरू लागला तर मेकॅनिकला फोन करण्याआधी एवढं बघा. आम्ही रोगी तपासतो त्याच क्रमाने, सोप्याकडून अवघडाकडे.

प्लग आणि स्टॅबिलायझर: वीज खरंच पोचतेय का? बटण चुकून बंद करणारी घरातली मुलं आणि पाहुणे हे फ्रीझर बंद पडण्याचं फार साधं कारण आहे.

दाराचं रबर: एक नोट दारात अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर तिथून थंडीही निघून जातेय. कोमट साबणाच्या पाण्याने रबर पुसा. चिकट, चिरलेलं असेल तर बदला.

बर्फाचा थर: बोटाच्या अर्ध्या जाडीएवढा बर्फ साचला की तो काढायलाच हवा. यंत्र बंद करून प्लग काढा, अन्न थर्माकोलच्या डब्यात बर्फाबरोबर ठेवा, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवून दार उघडं ठेवा. सुरी, उलथनं, पेचकस चालवायचा नाही. आतली नळी फुटली तर यंत्र गेलंच, शिवाय आजच्या बऱ्याच यंत्रांतला वायू ज्वालाग्राही असतो. बर्फ आपोआप काढणाऱ्या यंत्रात मागच्या भिंतीवर जाड बर्फ दिसला तर ती यंत्रणा बिघडलेली असते. ते काम मेकॅनिकचं.

धूळ आणि मोकळी जागा: मागे जाळी दिसत असेल तर प्लग काढून वर्षातून दोनदा ब्रशने साफ करा. जाळी दिसत नसेल तर उष्णता बाजूच्या पत्र्यांतून बाहेर पडते. म्हणून ते कोमट लागतात. घाबरू नका, पण त्यांना भिंत आणि धान्याचे डबे चिकटवूही नका.

तुम्ही स्वतः: गरम पातेलं आत ढकललंत का? एकाच दिवशी दहा किलो मासळी कोंबलीत का? चोवीस तासांत किती किलो गोठवता येतं हे यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. शिजवलेलं अन्न पसरट भांड्यात निववा, दोन तासांच्या आत, भर उन्हाळ्यात तासाभरात, आत जाऊ द्या. चपट्या, पातळ पिशव्या करा, लवकर गोठतात. प्रत्येक पिशवीवर नाव आणि तारीख लिहा. बांगड्यासारखी तेलकट मासळी आणि शिजवलेलं अन्न दोन-तीन महिन्यांत संपवा. त्यापुढे उणे १८ ला ते विषारी होत नाही, पण चव आणि पोत बिघडतो.

हे सगळं ठीक असूनही तापमान उतरत नसेल, किंवा यंत्र टकटक करत चालू-बंद होत असेल, तर अन्न आधी हलवा आणि मग मेकॅनिकला बोलवा. उलट क्रम नको.

आणि गोठलेलं अन्न ओट्यावर ठेवून कामाला निघून जाऊ नका. बाहेरचा भाग उबेला येतो तेव्हा आतला अजून दगड असतो. रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा.

दोन गोष्टी, ज्या फ्रीझरमध्ये चालत नाहीत

इन्सुलिन फ्रीझरमध्ये कधीही ठेवू नका. त्याची जागा फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. एकदा गोठलं की वितळल्यावर दिसायला चांगलं वाटलं तरी त्याचा भरवसा संपला. साखर अचानक वर गेलेल्या रुग्णाला मी आता आहाराआधी हेच विचारतो, “इन्सुलिन कुठे ठेवता?” “थंड ठेवा म्हणाला होतात, म्हणून सगळ्यात थंड जागी ठेवलं,” असं उत्तर ऐकलंय. चूक त्यांची नाही, अर्धवट सांगणाऱ्या आमची आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे घरातल्या बाईचं मन. ते तिथे गोठवून ठेवायची आपली जुनी सवय आहे. ‘टाकवत नाही’ म्हणत संशयाचं अन्न कोण खातं? साहेब खात नाहीत, मुलं खात नाहीत. आई खाते, आजी खाते. अन्नाला आपण पूर्णब्रह्म म्हणतो, ते टाकणं पाप मानतो. मला त्या भावनेचा आदर आहे. पण ते पाप एकटीच्या पोटात घालायचं ही कुठली रीत? पाचशे रुपयांची कोळंबी वाचवायला त्या घराने दवाखान्यात किती भरले हे मी बिल करताना पाहिलंय. आणि गरोदर सून, तान्हं बाळ, साठीपुढचे, मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्या बाबतीत हिशेब फक्त पैशांचा राहत नाही. लिस्टेरियाने गर्भ दगावू शकतो.

म्हणून निर्णय कुणा एकीच्या मनावर सोडू नका. नियम करा आणि दारावर चिकटवा: वीज जास्त वेळ गेली, रुपया बुडाला, तारीख नाही, किती वेळ बाहेर होतं माहीत नाही, टाकायचं. कुणी विचारायचं नाही, कुणी हळहळायचं नाही आणि कुणीही ‘मी खाते’ म्हणायचं नाही.

एवढं करूनही त्रास झालाच तर ओआरएस लगेच सुरू करा, घोट घोट. पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल, जुलाबात रक्त असेल, जास्त ताप असेल, नजर दुहेरी होत असेल किंवा रुग्ण गुंगीत असेल, तर घरगुती उपाय थांबवून दवाखाना गाठा. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या अशा वेळी चालू ठेवायच्या की नाही हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

काकू परवा तपासणीला आल्या होत्या. म्हणाल्या, “डॉक्टर, वाटीत रुपया ठेवलाय.” मी म्हटलं, छान. गावाहून परत याल तेव्हा आधी ती वाटी बघा. रुपया बुडालेला दिसला तर कोळंबीचे पैसेही बुडाले असं समजा. बुडालेले पैसे पुन्हा मिळवता येतात.